चुकीच्या उत्तरामागचा नियम

गणितातील चुका निष्काळजीपणातून होतात, असा समज घरोघरी आणि अनेक वर्गांतही रूढ आहे. परंतु यांतील बऱ्याच चुकांमागे विद्यार्थ्याने स्वतःच बांधलेला, त्याला पूर्णपणे पटलेला आणि प्रत्येक उदाहरणात तो इमानेइतबारे वापरत असलेला एक नियम असतो, असे शिक्षणशास्त्रातील अभ्यास सांगतात. अशा पक्क्या झालेल्या चुकीच्या नियमाला गैरसमज म्हणतात. अमेरिकेतील जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशा नियमांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. ५२ मधून ३८ वजा करून १४ ऐवजी २६ लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतो; त्याच नियमाने ५८ मधून ३२ वजा केल्यास २६ हे उत्तर बरोबर येते आणि हातच्याचे उदाहरण समोर येईपर्यंत त्याचा गैरसमज कोणाच्या ध्यानात येत नाही.

दशांश अपूर्णांकांत हा प्रकार अधिक फसवा असतो. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ संशोधन केले. काही विद्यार्थी दशांशचिन्हापुढे अंक जास्त असतील ती संख्या मोठी मानतात, म्हणून ०.६ पेक्षा ०.४५ मोठी ठरवतात. काहींचा नियम याच्या उलट असतो, कारण शतांश हा दशांशापेक्षा लहान असल्यामुळे शतांशस्थानापर्यंत जाणारी संख्याही लहानच असणार, असे त्यांना वाटते. हे दुसऱ्या गटातील विद्यार्थी ०.६ हे बरोबर उत्तर देतात आणि पूर्ण गुण मिळवतात, मात्र ०.३ व ०.४८ यांतील मोठी संख्या विचारली की ते ०.३ निवडतात. म्हणजेच गैरसमज ओळखायचा असेल तर एक प्रश्न पुरत नाही, वेगवेगळे नियम वेगवेगळी उत्तरे देतील अशा प्रश्नांचा संच लागतो. याच तत्त्वावर या संशोधकांनी शिक्षकांसाठी ऑनलाइन चाचण्या तयार केल्या.

अशा चाचणीला नैदानिक चाचणी, म्हणजे गुण देण्यापेक्षा अडचण कोठे आहे हे शोधणारी चाचणी, असे म्हणतात. ब्रिटनमध्ये गणितशिक्षक क्रेग बार्टन यांनी सायमन वुडहेड यांच्यासह ‘डायग्नॉस्टिक क्वेश्चन्स’ हे संकेतस्थळ उभे केले. तेथील प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चुकीचे पर्याय भरीला घातलेले नसून ठरावीक गैरसमजातूनच निघतील असे योजलेले असतात. १/२ + १/३ यासाठी २/५ हा पर्याय निवडणारा विद्यार्थी अंशात अंश व छेदात छेद मिळवत आहे, हे त्या निवडीवरूनच कळते.

हे काम कागदावरही करता येते. परंतु साठ वह्या तपासून कोणी कोणती चूक केली याची नोंद ठेवणे एका शिक्षकाला दर आठवड्याला शक्य होत नाही, तर ऑनलाइन प्रश्नमंजूषेत पर्यायनिहाय आकडे लगेच मिळतात आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यानुसार आखता येतो. अशी प्रश्नमंजूषा नियमितपणे घेण्याचे कारण वेगळे आहे: धडा संपताच बरोबर आलेले उत्तर पुष्कळदा ताज्या आठवणीचे असते, म्हणून तोच संबोध काही आठवड्यांनी पुन्हा तपासावा लागतो. महाराष्ट्रात २०२० मध्ये शाळा बंद असताना सुरू झालेल्या ‘स्वाध्याय’ उपक्रमात व्हॉट्सअ‍ॅपवरून दर आठवड्याला प्रश्न पाठवले जात होते, त्यामुळे ही पद्धत येथील शिक्षकांना अगदीच अनोळखी नाही.

तथापि, पर्याय अंदाजानेही निवडला जातो, शेजाऱ्याला किंवा पालकाला विचारूनही निवडला जातो आणि गुण पणाला लागले की ही शक्यता वाढते. म्हणून अशा प्रश्नमंजूषेचे गुण प्रगतिपुस्तकात धरू नयेत. शिवाय निदान म्हणजे उपचार नव्हे. पडद्यावर लाल फुली दाखवून गैरसमज जात नाही. विद्यार्थ्याला त्याचा नियम मोडून पडेल असे उदाहरण द्यावे लागते. २/५ हे उत्तर १/२ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज करून संख्या घटली कशी, असे त्याला विचारले म्हणजे तो स्वतःच्या नियमाकडे नव्याने पाहू लागतो. शिक्षकांनी व पालकांनी चुकलेल्या उत्तरानंतर बरोबर उत्तर सांगण्याआधी ‘हे उत्तर कसे काढलेस?’ एवढे विचारण्याची सवय लावून घेतली, तरच प्रश्नमंजूषेतून मिळालेली माहिती उपयोगी पडेल.