दुधाचा पेला, तांबडा फोन

‘द प्रिझनर’ या मालिकेच्या शीर्षकदृश्यातल्या स्वल्पविरामावर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. नाशिकच्या एका वाचकानं विचारलंय, भाग पाहण्याच्या माझ्या क्रमात ‘द जनरल’ हा भाग ‘ए. बी. अँड सी.’च्या आधी का? १९६७ साली ‘ए. बी. अँड सी.’ तिसरा दाखवला गेला, ‘द जनरल’ सहावा. ‘द प्रिझनर’मधला हा माझा सगळ्यात लाडका वाद, त्यामुळे आजचा अख्खा लेख त्यालाच.

मालिकेतल्या व्हिलेज नावाच्या बंदिवासात नंबर टू, म्हणजे तिथला प्रमुख, टिकत नाही. या दोन भागांत मात्र खुर्चीवर एकच माणूस आहे, कॉलिन गॉर्डन. ‘ए. बी. अँड सी.’मध्ये त्याच्याकडे नीट पाहा. सारखा दूध पितो. समोरचा भलामोठा तांबडा फोन वाजला की त्याचं अवसान गळतं. मालिकेचा कैदी नायक नंबर सिक्स याच्या स्वप्नात शिरण्याचं औषध अजून पुरतं तपासलेलं नाही, तरी तो डॉक्टरीणबाईंना थांबू देत नाही. नुकत्याच नेमलेल्या अधिकाऱ्याची ही घाई नव्हे. एकदा सपशेल तोंडघशी पडलेल्या आणि आता शेवटची संधी मिळालेल्या माणसाची आहे.

तोंडघशी कुठे पडला? ‘द जनरल’मध्ये. तिथे हाच गृहस्थ ‘स्पीडलर्न’चं कौतुक सांगत मिरवतो : तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन मिनिटांत! आणि नंबर सिक्स त्याच्या संगणकाला ‘का?’ एवढंच विचारून तो जाळून टाकतो. त्यानंतर वरून येणाऱ्या प्रत्येक फोनची धास्ती वाटणारच. शिवाय शीर्षकदृश्यात एरवी ‘तू कोण?’ला ‘नवा नंबर टू’ असं उत्तर येतं, ‘ए. बी. अँड सी.’मध्ये त्यातलं ‘नवा’ गळलंय.

विरुद्ध बाजूचा मुद्दा दमदार आहे. ‘ए. बी. अँड सी.’ अँथनी स्कीनचा, तर ‘द जनरल’ लुईस ग्रायफरनं ‘जोशुआ अ‍ॅडम’ या टोपणनावानं लिहिलेला. दोन लेखकांनी मिळून हा सांधा आखला, असं मी म्हणत नाही. पण एकच नट दोन्हीकडे आल्यावर सांधा जुळला, आणि या क्रमानं पाहिलं की ‘ए. बी. अँड सी.’ला वेगळीच धार चढते.

प्रसारणाच्या क्रमाला फार मान देण्याचं कारणही नाही. मालिकेचा कर्ता आणि नायक पॅट्रिक मॅकगूहन याला सातच भाग हवे होते, तर तिला पैसा पुरवणाऱ्या लू ग्रेडला अमेरिकेत विकण्यासाठी जास्त; शेवटी झाले १७. मॅकगूहननं नंतर सांगितलेल्या सातांत हे दोन्ही नाहीत. ‘डान्स ऑफ द डेड’ आहे, आणि त्यात नंबर सिक्स आपण इथे नवे आहोत असं सांगतो. तो दाखवला आठवा, म्हणजे ‘मेनी हॅपी रिटर्न्स’मध्ये नंबर सिक्स लंडनला जाऊन परत आणला गेल्यानंतरच्या आठवड्यात!

स्वल्पविराम पुढच्या वेळी नक्की. तोवर शीर्षकदृश्यात ‘नंबर वन कोण?’ला मिळणारं उत्तर कान देऊन ऐकून ठेवा.