कर्नलशी ओळख : टायमरची एरर

मागच्या भागात ड्रायव्हर कर्नलच्या हेडर फाइल्सच्या आधाराने कसा कंपाइल होतो ते पाहिले. आता तो कंपाइल होत नसेल तर काय करायचे? उदाहरण लिनक्सचे घेऊ. जानेवारी 2018 मध्ये 4.15 आवृत्ती आली आणि टायमर वापरणारे, कर्नलच्या बाहेर सांभाळलेले कितीतरी ड्रायव्हर अडले.

एररची रांग लागली की सगळ्यात वरची आधी वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघालेल्या असतात. इथे ती सांगते, 'सेटअप_टायमर' हे फंक्शन कुठेच जाहीर केलेले नाही. ते काढून त्याजागी 'टायमर_सेटअप' आले आहे. पण नुसते नाव बदलून भागत नाही. लगेच दुसरी तक्रार येते: पॉइंटरचा प्रकार जुळत नाही.

कारण बदल नावापुरता नव्हताच. जुन्या टायमर स्ट्रक्चरमध्ये वेळ भरल्यावर बोलवायच्या फंक्शनचा पत्ता आणि त्याला द्यायचा 'डेटा' असे दोन्ही असत. एखाद्या बफरची हद्द ओलांडून तिथवर लिहिता आले, की कोणते फंक्शन चालवायचे आणि त्याच्या हाती काय द्यायचे, दोन्ही हल्लेखोराच्या ताब्यात. म्हणून 'डेटा' काढला. आता फंक्शनला खुद्द टायमरचाच पॉइंटर मिळतो. टायमर ड्रायव्हरच्या मोठ्या स्ट्रक्चरमध्ये बसवलेला असतो, तेव्हा 'फ्रॉम_टायमर' हा मॅक्रो टायमरच्या पत्त्यातून त्याचे आतले अंतर वजा करतो आणि मूळ स्ट्रक्चर शोधून देतो.

इथे एक पळवाट फार मोहात पाडते: फंक्शनला कास्ट करून कंपाइलरला गप्प बसवायचे. कृपा करून ते करू नका. ड्रायव्हर कंपाइल होईल, लोडही होईल. पण टायमर वाजताच जुना कोड टायमरच्या पत्त्यालाच आपले स्ट्रक्चर समजून भलतीच मेमरी वाचेल किंवा तिच्यावर लिहील. टायमर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये अगदी पहिला असेल तर योगायोगाने सगळे नीट चालेलही, आणि पुढे कोणी त्याच्याआधी एक फील्ड घातले की मशीन कोसळेल. एरर दिसत होती तेच बरे होते.

असे बदल थांबणारे नाहीत. कर्नलच्या आतल्या इंटरफेसला स्थैर्याची हमी नाही, हे कर्नलचे एक प्रमुख विकसक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांतच सविस्तर मांडले आहे. इंटरफेस बदलणाराच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करतो. बाहेरच्यांचे ओझे त्यांच्या मालकांवर. मला हा व्यवहार रास्त वाटतो. 5.6 मध्ये प्रॉक फाइल्सच्या इंटरफेसची, 6.4 मध्ये 'क्लास_क्रिएट' या फंक्शनची हीच गत झाली. 'फ्रॉम_टायमर'चे नावही 6.16 मध्ये बदलले. जुन्या कर्नलवरही ड्रायव्हर चालवायचा असेल, तर आवृत्ती तपासणारी अट एकाच हेडरमध्ये ठेवा, कोडभर पसरू देऊ नका.

कंपाइल झाल्यावर ड्रायव्हरचे मॉड्यूल लोड करून टायमर खरोखर वाजू द्या आणि टायमर चालू असतानाच मॉड्यूल काढून पाहा. बाहेर पडताना टायमर रद्द करून, चालू असलेले फंक्शन संपेपर्यंत थांबायचे राहिले असेल, तर ते इथे उघड होऊ शकते. कंपाइलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.