पाळण्याची उंची, पाण्याची खोली

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सोडून खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागले, की बल्लाळेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांच्या जोडीने आणखी एक गर्दी दिसते. ही गर्दी देवदर्शनाला निघालेली नसते. खालापूर तालुक्यातील सांगडेवाडी येथे एप्रिल २०१३ मध्ये 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' हे मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि रायगड जिल्ह्याच्या पर्यटनात समुद्रकिनारा, किल्ले व देवस्थाने यांच्याखेरीज चौथी वाट निर्माण झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये शेजारीच जलउद्यान आले आणि २०१६ मध्ये कोकणच्या उकाड्यात बर्फाचे उद्यानही उघडले. त्यानंतर नाव बदलले, मालक बदलले. या साऱ्या बदलांत प्रवेशद्वारापाशी रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाने जाणून घ्यावे असे बरेच काही आहे.

त्यापूर्वी मुंबईकरांच्या दोन पिढ्यांसाठी असे उद्यान म्हणजे गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड'. ते १९८९ मध्ये सुरू झाले आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी 'वॉटर किंगडम' उभे राहिले. तिथले पाळणे हे जत्रेतल्या पाळण्यांचे मोठे भाऊ होते. खोपोलीत मात्र कल्पना निराळी होती. उद्यानाचे संस्थापक मनमोहन शेट्टी हे चित्रपटव्यवसायातले. 'अ‍ॅडलॅब्ज' हे नावच मुळी चित्रफितींवर प्रक्रिया करणाऱ्या त्यांच्या प्रयोगशाळेचे. त्यामुळे इथल्या खेळांना कथानक आले. 'मिस्टर इंडिया' या १९८७ च्या चित्रपटावर एक खेळ बेतला गेला, अलिबाबाची गुहा आली आणि 'राजासॉरस'च्या नावाने नौकाविहारही आला. हा राजासॉरस काल्पनिक नव्हे. गुजरातेत राहिओली येथे सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे नामकरण केले. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या ज्वालामुखींतून घडला, त्यांच्या उद्रेकाच्या आसपासच्या काळातला हा प्राणी. घाटाच्या पायथ्याशी त्याची आठवण जागवणे तसे अस्थानी नाही.

तरुणांची गर्दी मात्र 'नायट्रो'पाशी. 'बॉलिगर अँड मॅबिलार्ड' या स्वित्झर्लंडमधील कंपनीने बांधलेला हा रोलर कोस्टर सुमारे ४० मीटर उंच आहे, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीएवढा. वाटेत तो प्रवाशाला पाच वेळा उलटा करतो आणि पायाखाली फळी नसल्याने पाय अधांतरी लोंबतात. एवढा वेग कुठून येतो? पुष्कळांना वाटते, की डब्यांखाली एखादे प्रचंड इंजिन असावे. ते नसते. एक साखळी डब्यांना चढणावरून माथ्यापर्यंत ओढून नेते आणि सोडून देते. पुढचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. ४० मीटरवरून खाली येणारी वस्तू, घर्षण वगळल्यास, तळाशी ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग घेते. डब्यात मुले बसली आहेत की पहिलवान, याने या हिशेबात फरक पडत नाही.

खोपोलीला हे गणित नवे नाही. टाटांनी १९१५ मध्ये याच गावात जलविद्युत केंद्र सुरू केले, तेव्हा लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतले पाणी मोठ्या नळांमधून घाटाखाली सोडून त्या पतनातूनच वीज काढली होती आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. उंचीचे वेगात रूपांतर करण्याचा व्यवसाय या गावात शंभर वर्षांहून जुना आहे.

उलटे करणारे वळण कसे असावे, हा प्रश्न मात्र बराच काळ सुटला नव्हता. अमेरिकेत कोनी आयलंड येथे १८९५ मध्ये पूर्ण वर्तुळाकार वळणाचा खेळ सुरू झाला आणि लोकांच्या माना दुखावू लागल्या. कारण असे, की शुद्ध वर्तुळात, माथ्यावरून डबा खाली पडू नये एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. जर्मन अभियंता वेर्नर स्टेंगेल यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कोस्टरसाठी वळणाला थेंबासारखा आकार दिला. त्यात तळाशी वाक सैल असतो आणि माथ्याशी घट्ट. त्यामुळे भार हळूहळू वाढतो आणि सोसण्याजोगा राहतो. आज जगभर जी वळणे आपण पाहतो, त्यांच्यामागे ही सुधारणा आहे.

दुसरी सुरक्षा डोळ्यांना दिसत नाही. रेल्वेच्या सिग्नलप्रमाणे रुळांचे टप्पे पाडलेले असतात. पुढचा टप्पा मोकळा झाल्याखेरीज मागची गाडी त्यात शिरू शकत नाही. संवेदकाने थोडीशी शंका घेतली, तरी गाडी ब्रेकवर किंवा चढणीवर थांबते. 'पाळणा हवेत अडकला, प्रवाशांचा जीव टांगणीला' अशा मथळ्यांच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतल्या काही घटना खरोखरीच्या बिघाडाच्या असतात, हे खरे. पण चढणीवर थांबलेली गाडी हे पुष्कळदा यंत्रणेने आपले काम चोख केल्याचे लक्षण असते. उंचीच्या पट्टीपाशी 'दोन इंचच कमी आहेत हो' म्हणून कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणारे पालक प्रत्येक उद्यानात भेटतात. ती पट्टी मुलाच्या धीटपणाची परीक्षा घेत नाही. खांद्यावरून येणारा दांडा विशिष्ट उंचीच्या धडासाठीच बेतलेला असतो आणि लहान शरीर त्याखालून निसटू शकते.

आता पैशांकडे वळू. अशा उद्यानाचा बहुतेक खर्च पहिला पाहुणा येण्यापूर्वीच झालेला असतो. यंत्रे परदेशातून येतात, कर्जाचे व्याज रोज चढते आणि पाहुणे मात्र सुट्ट्या, शनिवार-रविवार व उन्हाळा यांतच येतात. त्यातून घाटाच्या पायथ्याचा पाऊस. वीज कडाडू लागली की उंच खेळ थांबवावेच लागतात. एकदा सारे पाहिलेला माणूस पुन्हा यावा म्हणून काही ना काही नवे उभारत राहणे भाग पडते आणि नव्यासाठी पुन्हा भांडवल लागते. कंपनी मार्च २०१५ मध्ये भांडवलबाजारात उतरली, तरी कर्जाचे ओझे हलके झाले नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराचा २८ टक्के दर लागू झाला, तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला. मग २०२० मध्ये करोना आला आणि उद्यानाला टाळे लागले. अखेर २०२२ मध्ये कर्जफेडीच्या तडजोडीतून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे उद्यानाचा ताबा गेला. शिर्डी आणि लोणावळा येथे जलउद्याने चालवणारा हा समूह होता, हे महत्त्वाचे. २०२४ मध्ये ती जलउद्यानेही याच कंपनीच्या छत्राखाली आली आणि २०२५ मध्ये सुरतेत 'इमॅजिका'च्याच नावाने जलउद्यान उघडले. पोलादी कोस्टरपेक्षा पाण्याकडे वळलेला हा कल समजण्यासारखा आहे. घसरगुंड्या तुलनेने स्वस्त, आपल्या हवेला पाणी हवेहवेसे आणि आजीपासून नातवापर्यंत सारे दिवसभर पाण्यात रमतात. कथा सांगणाऱ्या उद्यानाचे मूळ स्वप्न त्यात थोडे मागे पडेल, अशी भीती मात्र वाटते.

पाण्यात शिस्त अधिकच लागते. लाटांच्या तलावात लाटा येतात, त्या भिंतीआडच्या कक्षांत पंख्यांनी दाबून भरलेल्या हवेमुळे. हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी तलावात लोटले जाते, हवा सोडली की परत येते. ठरावीक अंतराने हे केले, की लाट तयार. तेच पाणी गाळून, क्लोरीन मिसळून पुन्हा वापरले जाते. कडक उन्हात क्लोरीन लवकर नष्ट होते आणि गर्दी वाढली की अधिक खर्ची पडते. म्हणून मे महिन्यातला रविवार ही शुद्धीकरण यंत्रणेची खरी कसोटी. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला, की 'क्लोरीन जास्त झाले' असे आपण म्हणतो. वास्तविक तो वास घाम व लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे पाण्याला ताज्या क्लोरीनची गरज असल्याची ती खूण. नायलॉनचाच पोशाख हवा, या नियमावर साड्या-सलवारींच्या बाजूने वाद होतात. पण सुती कपड्याचे तंतू गाळणीत अडकतात, रंग उतरतो आणि भिजलेले सुती कापड अंगाला जड होऊन घसरगुंडीत किंवा लाटेत घात करते. भाड्याच्या पोशाखाचा दर किती असावा, हा वाद वेगळा आणि तो रास्त आहे.

पाणी फिरवून वापरले, तरी बाष्पीभवन, उडणारे पाणी आणि गाळण्या धुण्यासाठी लागणारे पाणी यांची भर घालावीच लागते. कर्जत-खालापूर पट्ट्यातील काही आदिवासी वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, हे ध्यानात घेता प्रत्येक जलउद्यानाने रोज किती ताजे पाणी घेतले, याचा फलक दाराशी लावायला हरकत नसावी.

परदेशी यंत्र आणले म्हणजे सुरक्षा आली, असे नव्हे. अहमदाबादच्या कांकरिया येथे १४ जुलै २०१९ रोजी लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा मृत्यू झाला. राजकोटमध्ये २५ मे २०२४ रोजी खेळकेंद्राला आग लागून २७ जणांचा बळी गेला. तेथे बळी घेतला तो आगीने, पाळण्याने नव्हे. रोज सकाळी पाहुण्यांआधी रिकामी फेरी मारणे, बोल्ट व वेल्डिंग तपासणे, नोंदवहीत सही करणे, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे ठेवणे ही कंटाळवाणी कामेच माणसे वाचवतात. नव्या खेळाची जाहिरात मोठ्या अक्षरांत येते. शेवटची तपासणी कधी झाली, हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिण्याची सक्ती का नसावी?

एवढे असूनही याच जिल्ह्यात पाण्याचा सर्वांत मोठा धोका उद्यानाच्या कुंपणाबाहेर आहे. मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. लाटांच्या तलावात खोली ठरलेली असते, लाटा थांबवता येतात आणि जीवरक्षक दोन्ही काठांवर उभे असतात. समुद्रात यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जाते. तिथे लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला तोच भाग शांत वाटतो. ओहोटीत हा ओढा आणखी जोर धरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील पातळीचा फरक चार ते पाच मीटरपर्यंत जातो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, ते यामुळेच.

अशा ओढ्यात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झुंज न देता त्याला आडवे, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे, असे जाणकार सांगतात. पोहता न येणाऱ्याने ओहोटीच्या वेळी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच नये. भरती-ओहोटीच्या वेळा पंचांगात आणि कित्येक दिनदर्शिकांतही छापलेल्या असतात. निघण्यापूर्वी त्या पाहायला दोन मिनिटे पुरतात.