फ्रेंच शब्द दोनशे वर्षे उशिरा का आले?

इंग्रजीने फ्रेंचकडून घेतलेले १,००० शब्द डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशातून निवडले आणि पहिल्या लेखी नोंदीनुसार त्यांचे पन्नास-पन्नास वर्षांचे गट पाडले. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले १०६६ मध्ये. तेव्हा १०५१ ते ११०० या गटात शे-दीडशे शब्द तरी असतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात आहेत २. पुढच्या अर्धशतकात १, त्यापुढच्यात १५. दीडशे वर्षांत हजारातले फक्त १८ शब्द.

त्यानंतर मात्र १२०१ ते १२५० मध्ये ६४, मग १२७, मग १२० आणि १३५१ ते १४०० मध्ये तब्बल १८०. म्हणजे १२५१ ते १४०० या दीडशे वर्षांत ४२७ शब्द आले.

सत्ता तर पहिल्या वीस वर्षांतच इंग्रजांच्या हातून पुरती गेली होती. १०८६ च्या जमीनमोजणीत राजाकडून थेट जमीन मिळालेल्या बड्या जहागीरदारांत इंग्रज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. मग शब्दांना एवढा उशीर का?

एक कारण नोंदींचे आहे आणि ते नजरेआड करता येत नाही. बाराव्या शतकात इंग्लंडमधले लिखाण मुख्यतः लॅटिन आणि फ्रेंचमध्ये होई. जुन्या इंग्रजी बखरीची परंपरा ११५४ च्या नोंदीपाशी थांबते. बोलण्यात रुळलेला शब्द कागदावर यायला त्यामुळे वेळ लागला असणार. पण तेराव्या-चौदाव्या शतकांतली एवढी मोठी चढण केवळ कागदांच्या टंचाईने समजावता येत नाही.

माझ्या मते खरे कारण असे, की राज्यकर्ते फ्रेंच बोलत होते तोवर त्यांचे शब्द त्यांच्यापाशीच राहिले. शेतकऱ्याला ते उचलण्याची फारशी गरजच पडत नव्हती. हे राज्यकर्ते स्वतः इंग्रजीकडे वळले तेव्हा कायदा, कर, सैन्य, धर्म, स्वयंपाक, पोशाख या विषयांवर बोलण्याची त्यांची सारी सवय फ्रेंचमधली होती. ते शब्द बरोबर घेऊनच ते नव्या भाषेत शिरले.

ते का वळले, याचे टप्पे माहीत आहेत. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली. १२४४ मध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईने इंग्लंड आणि फ्रान्स दोन्हीकडे जमिनी असलेल्या सरदारांना एकच धनी निवडायला लावले. १३३७ पासून फ्रान्सशी दीर्घ युद्ध जुंपले आणि फ्रेंच ही शत्रूची भाषा झाली. १३४८-४९ च्या प्लेगने देशातली एक तृतीयांश ते निम्मी माणसे नेली. मजूर मिळेनासे झाले, कष्टकऱ्याची किंमत वाढली आणि तो बोले त्या भाषेचीही. अनुवादक जॉन ट्रेव्हिसाने १३८५ मध्ये लिहून ठेवले आहे, की शाळांतली मुले आता फ्रेंच सोडून इंग्रजीतून व्याकरण शिकतात. न्यायालयात वाद इंग्रजीतून चालावेत हा कायदा १३६२ चा. तो लिहिला मात्र फ्रेंचमध्येच गेला. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क इंग्रजीत सांगितला. फ्रेंच मागे हटण्याची ही सगळी वर्षे येस्पर्सनच्या आकड्यांतल्या सर्वात मोठ्या भरतीची वर्षे आहेत.

त्याआधीचा स्कँडिनेव्हियन संपर्क याच्या शेजारी ठेवून पाहावा. नवव्या शतकापासून उत्तर-पूर्व इंग्लंडात डॅनिश लोक शेती करू लागले, शेजारी झाले, सोयरे झाले. प्रमाण इंग्रजीत त्यांचे सुमारे ९०० शब्द उरले, फ्रेंचच्या तुलनेत फारच थोडे. पण ते बसले कुठे? ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामेच त्यांनी दिली. ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, ‘टेक’ त्यांचेच. व्हिटबी, ग्रिम्सबी यांसारखी ‘बी’ने संपणारी सहाशेहून अधिक गावे आजही नकाशावर आहेत. दुसऱ्या भाषेतले सर्वनाम स्वीकारायला रोजचा सहवास लागतो. तो नॉर्मन सरदारांनी दिला नाही, डॅनिश शेजाऱ्यांनी दिला.

१९७३ मध्ये फिंकनश्टेट आणि वोल्फ या अभ्यासकांनी इंग्रजी कोशातले सुमारे ८०,००० शब्द कुळानुसार तपासले. फ्रेंच २८.३ टक्के, लॅटिन २८.२४ टक्के, जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या मूळ कुळातले, २५ टक्के. यावरून इंग्रजी ही अर्धी फ्रेंच भाषा असल्याचे सांगितले जाते, ते मला पटत नाही. ही कोशातली शिरगणती आहे आणि तिच्यात एकदाच कुठे आलेला शब्द व दिवसातून शंभरदा येणारा शब्द सारखेच मोजले जातात. सर्वाधिक वापराचे शंभर शब्द काढले तर ते जवळपास सगळे जर्मानिक निघतात. फ्रेंचचे वजन विषयागणिक बदलते आणि कायद्यात ते सर्वाधिक भरते. न्यायालयाच्या दप्तरातून फ्रेंच आणि लॅटिन कायद्याने हटवल्या गेल्या त्या थेट १७३३ मध्ये. कोर्ट, जज, अपील, वॉरंट हे शब्द तोवर कधीच इंग्रजी होऊन गेले होते, आणि पुढे इंग्रजांच्या न्यायालयांबरोबर ते मराठीतही आले.