घराची किंमत उतरते, कर्ज उतरत नाही

घरे स्वस्त झाली की गरिबाचे भले होते, असे आम्हांसही एके काळी वाटे. अमेरिकेचा अनुभव निराळा आहे. तेथे २००६ नंतर सहा वर्षांत घरांच्या किमती सुमारे पाव हिश्श्याने उतरल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी शेकडा १० वर पोचली. समजा, कामगाराने शंभराचे घर नव्वदाच्या कर्जावर घेतले. घर पंचाहत्तरावर आले, कर्ज मात्र जवळपास तेवढेच राहिले. विकावे तर पदरचे भरावे लागे. राहावे तर हप्त्यास पगार हवा. नव्याने घेऊ म्हणणाऱ्याची नोकरीच डळमळीत, आणि बँकाही हात आखडता घेत. म्हणून सामान्य कुटुंब बाजारभावाआधी पुढच्या महिन्याचा पगार पाहते. घर टिकायचे, तर आधी रोजगार टिकला पाहिजे.