भट्टीसमोरचे डोळे

आमच्या शासकीय रुग्णालयात सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच. अशाच एका सोमवारी नेत्र विभागाने एक गृहस्थ माझ्याकडे पाठवले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्याआधी फिजिशियनची ‘फिटनेस’ची सही हवी होती. वय ४८. रक्तदाब ठीक, साखर ठीक, ईसीजी ठीक. डोळ्याला कधी मार लागलेला नाही, स्टिरॉइडच्या गोळ्या कधी घेतलेल्या नाहीत. मी सही केली, कागद पुढे सरकवला आणि सहज म्हणालो, ‘‘मामा, मोतीबिंदू जरा लवकरच आला तुम्हाला.’’

‘‘आमच्यात लवकरच येतो, साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘आणि डावा डोळा आधी जातो. भट्टीकडं तोच असतो ना.’’

मी कागद परत ओढून घेतला. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘मजुरी’. गृहस्थ २७ वर्षे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतून रसरशीत काच उचलायची आणि साच्यापर्यंत न्यायची, हे त्यांचे काम. केसपेपरवर यातले काहीच नव्हते, कारण कुणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

त्यांना निदान आधीच ठाऊक होते. वैद्यकशास्त्रात या विकाराला ‘ग्लासब्लोअर्स कॅटरॅक्ट’, म्हणजे काच कारागिरांचा मोतीबिंदू, असे नावच आहे. तो का होतो हे समजायचे तर आधी काच कशी होते ते पाहावे लागेल.

वाळूचा पाक

काचेचा मुख्य घटक अगदी साधा, तो म्हणजे वाळू किंवा सिलिका. पण शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि जुन्या काळच्या भट्ट्यांना ते जमणारे नव्हते. मग वाळूत सोडा मिसळायची युक्ती सापडली. सोड्यामुळे मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. मात्र नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून तिसरा घटक लागतो चुन्याचा. आपल्या खिडकीची काच, लोणच्याची बरणी, हातातली बांगडी यांत ढोबळमानाने ७० ते ७५ टक्के सिलिका असते आणि उरलेला भाग मुख्यतः सोडा व चुन्याचा असतो. कोबाल्ट घातले की निळा रंग, लोहामुळे हिरवट झाक. ही झाक घालवायला मँगनीज.

बर्फ एका ठरावीक तापमानाला वितळून पाणी होते. काचेचे तसे नाही. ती तापत जाते तशी हळूहळू मऊ होते आणि निवताना हळूहळू घट्ट होते. घरी साखरेचा पाक करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. एकतारी, दोनतारी, गोळीबंद, आणि क्षणभर उशीर झाला की दगड. काच कारागिराचे सगळे कसब ही वेळ साधण्यात आहे. काच १००० अंशांच्या आसपास असते तेव्हा तिला आकार देता येतो, आणि तेवढ्यात ती निवू लागते. मग पुन्हा भट्टीच्या तोंडाशी जायचे, तापवायचे, परत यायचे. एका भांड्यासाठी असे किती तरी फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात चेहरा आगीसमोर असतो.

आकार दिल्यावरही काम संपत नाही. भांडे उघड्यावर निवू दिले तर बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला मागे राहतो आणि त्या ताणाने ते तडकते. म्हणून सुमारे ५०० अंशांच्या वेगळ्या भट्टीत ठेवून ते सावकाश थंड करतात.

काचेचे मणी मेसोपोटेमियात साडेचार हजार वर्षांपूर्वी होत होते. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमारास काचेची भांडी दिसू लागतात. मातीच्या गाभ्याभोवती वितळलेली काच गुंडाळायची आणि निवल्यावर गाभा खरवडून काढायचा, ही त्यांची रीत. एवढ्या खटाटोपाची वस्तू राजघराण्याच्या आणि श्रीमंतांच्याच घरी जाणार. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, सीरिया-पॅलेस्टाइनच्या भागात, कुणी तरी पोकळ नळीच्या टोकाला काच घेऊन फुंकर मारली. काच फुग्यासारखी फुगली. गाभ्याभोवती घडवायला खूप वेळ घेणारे भांडे फुंकरीने काही मिनिटांत होऊ लागले आणि रोमन साम्राज्यात काच सामान्य घरांत पोहोचली.

काचेने दिलेली दृष्टी

व्हेनिस शहरात आगीच्या भीतीने १२९१ साली काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवण्याचा हुकूम निघाला. पुढे १५ व्या शतकाच्या मध्यास तिथे स्फटिकासारखी नितळ काच तयार झाली. इटलीतच १२८६ च्या सुमारास चष्मा अवतरला होता. आपण वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतो, ते अगदी शास्त्रशुद्ध नाव आहे. चाळिशीनंतर डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते. लेखनिक, सोनार, शिंपी यांचा हात कसबाला येतो त्याच वयात नजर साथ सोडते. काचेच्या दोन तुकड्यांनी त्यांच्या उमेदीत काही दशकांची भर घातली.

डॉक्टर म्हणून मी तर काचेचा कायमचा ऋणी आहे. हॉलंडच्या लेव्हेनहुक यांनी १६७० च्या दशकात इवल्याशा काचेच्या भिंगातून जिवाणू पाहिले. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगासमोर मांडला, तोही सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर. त्याच दशकात जर्मनीतल्या येना गावी ओटो शॉट यांनी काचेत बोरॉन घालून उष्णतेने फारशी न प्रसरणारी काच घडवली. प्रयोगशाळेतली चंचुपात्रे आणि इंजेक्शनच्या कुप्या त्याच बोरोसिलिकेट काचेच्या वंशातल्या.

रामाझिनींचा प्रश्न

पण काच घडवणाऱ्याचे काय? हे विचारणारा डॉक्टर इटलीतच निघाला. बर्नार्डिनो रामाझिनी यांचा कारागिरांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. त्यात काच कारागिरांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आग आणि वितळलेली काच यांच्याकडे सतत पाहून त्यांचे डोळे दुबळे होतात, हे रामाझिनींनी नोंदवले. आरशांच्या मागे पारा लावणारे कारागीर त्या पाऱ्यानेच कापरे भरून झिजतात, हेही लिहिले. रुग्णाला आपण जे प्रश्न विचारतो त्यांत ‘तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न त्यांनी घातला. आज व्यवसायजन्य वैद्यकाचे ते जनक मानले जातात, ते या एका प्रश्नामुळे.

आता शास्त्र पाहू. तापलेली काच आपल्याला लाल-केशरी दिसते, पण तिच्यातून निघणाऱ्या ऊर्जेचा दिसणारा प्रकाश हा छोटासा अंश. बहुतांश ऊर्जा अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या रूपात येते. त्यांतले काही किरण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून आत शिरतात आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा व त्यामागचे भिंग तापवतात. शरीरात इतरत्र उष्णता वाढली तर रक्त ती वाहून नेते. भिंगाला रक्तवाहिन्याच नाहीत. तिथे वेदनेची जाणीवही नाही, त्यामुळे कामगाराला धोक्याची सूचना मिळत नाही. वर्षानुवर्षे हे चालू राहिले की भिंगातली प्रथिने बदलतात आणि ते गढूळ होते, अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर होतो तसे. हा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या मागच्या बाजूला मध्यावर सुरू होतो. उजेडात बाहुली आक्रसली की नेमका तोच भाग वाटेत येतो. ‘उन्हात कमी दिसतं, संध्याकाळी बरं दिसतं,’ अशी तक्रार कमी वयात कुणी केली तर डॉक्टरांनी कान टवकारावेत.

काचेपासून जपणारी काच

गंमत म्हणजे यावरचा उपायही काचेतच सापडला. २० व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉयल सोसायटीने या मोतीबिंदूचा अभ्यास हाती घेतला. विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाने निरनिराळी धातुद्रव्ये घालून शेकडो प्रकारच्या काचा करून पाहिल्या आणि १९१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या लोहाने काचेला नकोशी हिरवट झाक येते, त्याच लोहाचा एक प्रकार उष्णतेचे किरण अडवतो, असे दिसले. भट्टीसमोर वापरायच्या संरक्षक चष्म्यांची वाट त्यातून मोकळी झाली.

यंत्रांनीही माणसाला आगीपासून लांब नेले. अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांच्या स्वयंचलित यंत्राने २० व्या शतकाच्या सुरुवातीपासून बाटल्या घडवायला घेतल्या. सपाट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करण्याची ब्रिटिश पद्धत १९५९ साली जाहीर झाली. मोठ्या कारखान्यांत आता काचेला क्वचितच हात लागतो. जिथे अजून नळी आणि फुंकर आहे, तिथे जुना आजारही आहे.

आपल्या भट्ट्या

काचेशी आपले नाते जुने. नेवासे, कोल्हापूर इथल्या उत्खननांत काचेच्या बांगड्या सापडल्या आहेत. आधुनिक काचधंद्याचा आपल्याकडचा आरंभ तर स्वदेशीच्या चळवळीशी जोडलेला. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने ती वाढली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील ज्या घरात नव्हता असे घर त्या काळी शोधावे लागले असते. त्या कंदिलाच्या उजेडात एक पिढी शिकली.

बांगड्यांचे मोठे केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातले फिरोजाबाद. तापलेल्या काचेचा बारीक धागा फिरत्या रुळावर ओढतात, त्याची स्प्रिंगसारखी गुंडाळी होते. ती कापली की सुटी वळी मिळतात. वळ्याची टोके सरळ करून छोट्या ज्योतीवर जोडायचे काम अनेकदा घराघरांत बायका आणि मुले करत आली आहेत. ताजमहालाच्या संगमरवराला धुराने बाधा येते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडायला लावले. फिरोजाबादच्या भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या. धूर कमी झाला, ते सर्वांच्याच भल्याचे झाले. पण भट्टीची धग वायूवरही तेवढीच असते.

डोळ्यांइतकीच काळजी फुप्फुसांची. तयार काचेत तो धोका नाही, तो वाळू दळण्यात आणि कोरडे मिश्रण कालवण्यात आहे. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतून बसते, सिलिकोसिस होतो आणि त्या फुप्फुसात क्षयरोग सहज घर करतो. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. धूळ उडूच नये म्हणून मिश्रण ओले करणे, ती खेचून घेणारी यंत्रणा बसवणे आणि योग्य प्रतीचा मास्क वापरणे, हेच उपाय.

काय करता येईल?

भट्टीसमोर काम करणाऱ्याने साधा काळा गॉगल घालून निश्चिंत राहू नये. तो दिसणारा प्रकाश कमी करतो, त्यामुळे बाहुली मोठी होते, आणि काच अवरक्त किरण अडवणारी नसेल तर उष्णता उलट जास्त आत जाते. खास अवरक्तरोधक चष्मा किंवा चेहऱ्यावरचे कवच हवे. घामाने चष्म्यावर वाफ धरते म्हणून कामगार तो काढून ठेवतात, ही तक्रार खरी आहे. म्हणून सगळा भार कामगारावर टाकू नये. भट्टीच्या तोंडाला आडोसा, लांब दांड्याची अवजारे, आळीपाळीने काम, पाणी आणि विश्रांती हे मालकाने पाहायचे. दर वर्षी नेत्रतपासणी आणि छातीची तपासणी व्हावी. वितळलेला धातू हाताळणारे ओतारी आणि लोहार यांनाही हेच लागू.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. अवरक्त किरणांमुळे झालेला मोतीबिंदू आणि सिलिकोसिस हे दोन्ही आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याने व्यवसायजन्य आजार म्हणून मानलेले आहेत. पण कागदावर ‘मजुरी’ लिहिलेल्या माणसाने दावा कशाच्या आधारावर करायचा? म्हणून वाचकांना विनंती, डॉक्टरने विचारले नाही तरी आपले काम आपणहून सांगा. कुठे, कशासमोर, किती वर्षे, सगळे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर ते गृहस्थ भेटायला आले. डाव्या डोळ्याने स्वच्छ दिसत होते. म्हणाले, ‘‘साहेब, आत काच बसवलीय म्हणतात.’’ मी सांगितले, ‘‘काच नाही मामा, ॲक्रिलिकचं भिंग आहे. एका प्रकारचं प्लास्टिकच.’’

ते हसले. ‘‘म्हणजे आमच्या हातची नाही,’’ म्हणाले. मग उजवा डोळा चोळत विचारले, ‘‘हा राहील ना?’’

त्या डोळ्यातही गढूळपणा सुरू झालेला आहे, पण तो अजून थोडा आहे. कारखान्याला द्यायची चिठ्ठी मी लिहून दिली, भट्टीपासून लांबचे काम आणि संरक्षक चष्मा, अशी. मग त्यांचा केसपेपर घेतला, ‘मजुरी’वर रेघ मारली आणि लिहिले, ‘काचभट्टी कामगार, २७ वर्षे’.