जहाजावरची बाटली आणि दोन लिटरचा हिशेब

सिंगापूरच्या क्रूझवर मराठी माणूस आता नवखा राहिलेला नाही. सिंगापूर-मलेशिया सहलीला दोन-तीन रात्रींचं जहाज जोडलेलं असतं. पेनांग, पोर्ट क्लांग, कधी फुकेत असं करून ते पुन्हा सिंगापूरला लागतं. जहाजावर दुकानं असतात, दुकानांत स्कॉचच्या रांगा असतात आणि दोन घेतल्या तर सूट अशा पाट्याही असतात. मग सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ले सुरू होतात. 'माणशी पाच लिटर चालते.' 'जहाजावरची मोजत नाहीत.' 'वहिनींच्या नावावर टाका.' 'बिअर कोण धरतंय?' सल्ला देणाऱ्याला मागच्या खेपेला कुणी अडवलेलं नसतं, एवढाच बहुतेक वेळा त्या सल्ल्याचा आधार असतो.

जहाजावरून घरच्या कपाटापर्यंत पोहोचताना बाटलीला तीन-चार दारं ओलांडावी लागतात. प्रत्येक दारावरचा पहारेकरी वेगळा आणि त्याचा कायदाही वेगळा. एकानं सोडलं म्हणून दुसरा सोडेलच असं नाही, आणि बहुतेक गैरसमज एका दाराचा नियम दुसऱ्या दारावर लावल्यामुळेच झालेले आहेत.

'भर समुद्रात घेतली, तिच्यावर कसला कर?'

यात अर्धं खरं आहे. परदेशी फेरीवरच्या जहाजाचा साठा जहाजावरच वापरला जात असेल तर त्यावर आयात शुल्क लागत नाही. आपल्या 1962 च्या सीमाशुल्क कायद्यातही कलम 87 मध्ये ही सवलत आहे. म्हणून तर बंदराला लागलं की जहाजावरच्या दुकानाचं शटर खाली येतं आणि जहाज पुन्हा बाहेर पडलं की वर जातं. पण ही सवलत जहाजाला आणि तिथे रिचवलेल्या पेगला आहे. बाटली तुमच्या बॅगेत बसून जमिनीवर उतरली की तो तुम्ही देशात आणलेला माल झाला. ती कुठे घेतली, डेकवर, विमानात की विमानतळावर, याला उतरल्या ठिकाणचा अधिकारी काडीची किंमत देत नाही. दुकानानं तुमच्याकडून कर घेतला नाही, एवढंच त्या बिलावरून सिद्ध होतं. तुमच्या वाट्याची सूट ठरवणं दुकानाच्या हातात नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. जहाजावर घेतलेली सीलबंद बाटली लगेच हातात मिळत नाही. बहुतेक क्रूझ कंपन्या ती ठेवून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या सकाळी देतात. मधल्या बंदरावर घेतलेल्या बाटल्याही गँगवेवरच जमा होतात. ही सीमाशुल्काची जप्ती नव्हे. तुम्ही बारमध्ये बसावं, केबिनमध्ये नाही, असा त्यामागचा धंद्याचा हिशेब आहे.

सिंगापूर मध्ये येतं, हेच लोक विसरतात

माझ्या मते सगळ्यात मोठी फसगत इथे होते. आपली नजर मुंबईवर असते. दोन लिटर चालतात, हे पाठ असतं. म्हणून जहाजावरून एक-एक लिटरच्या दोन व्हिस्की उचलल्या जातात. पण जहाज मुंबईला लागत नाही, सिंगापूरला लागतं. तिथे पासपोर्ट दाखवून आणि कस्टम ओलांडूनच बाहेर पडावं लागतं, मग तिथून थेट चांगी विमानतळ गाठायचा असला तरी.

सिंगापूरची करमुक्त सूट मिळवण्यासाठी वय 18 पूर्ण हवं, आधीचे किमान 48 तास सिंगापूरबाहेर गेलेले हवेत आणि तुम्ही मलेशियाहून आलेले नसावेत. आता हे क्रूझला लावून पाहा. दोन रात्रींचं जहाज संध्याकाळी सुटतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परततं. 48 तास भरत नाहीत, सूट गेली. तीन रात्रींचं जहाज पेनांग किंवा पोर्ट क्लांग करून थेट परतलं, तर तास भरतात पण तुम्ही मलेशियाहून आलेले ठरता. तरीही सूट गेली.

सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरी दोन लिटर व्हिस्की बसत नाही. 1 एप्रिल 2019 पासून तिथली मर्यादा तीन लिटरवरून दोनवर आली आहे आणि तिची वाटणीही ठरलेली आहे. एक लिटर स्पिरिट आणि त्यासोबत एक लिटर वाइन किंवा एक लिटर बिअर. स्पिरिट नको असेल तर वाइन आणि बिअर एक-एक लिटर, किंवा दोन्ही लिटर वाइन, किंवा दोन्ही लिटर बिअर. दोन लिटर स्पिरिट कुठल्याच पर्यायात नाही.

मग कर किती? तिथे स्पिरिटवर शुद्ध अल्कोहोलच्या दर लिटरमागे 88 सिंगापूर डॉलर अबकारी आहे. चाळीस टक्क्यांच्या एक लिटर व्हिस्कीत 0.4 लिटर अल्कोहोल, म्हणजे 35 डॉलर 20 सेंट. त्यावर किंमत आणि अबकारी मिळून नऊ टक्के जीएसटी. जहाजावर वाचवलेले पैसे इथे परत जातात, वर भुर्दंड वेगळा. आणि न सांगता निघालात तर प्रकरण दंडावर जातं. सिंगापूर या बाबतीत किती कडक आहे, हे च्युइंगगमचे किस्से सांगणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

म्हणून मलेशिया करून येणारं जहाज असेल तर जहाजावर बाटली घेऊच नये. हवीच असेल तर परतीच्या दिवशी चांगीवर, विमानात बसायच्या आधी घ्यावी. सिंगापूरचं दार तेव्हा मागे पडलेलं असतं.

'एअरलाइन म्हणते पाच लिटर!'

हो, म्हणते. पण तो आगीचा नियम आहे, कराचा नव्हे. 24 ते 70 टक्के अल्कोहोल असलेली दारू एका प्रवाशाला पाच लिटरपर्यंत, दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीतच नेता येते. 70 टक्क्यांच्या वरची, म्हणजे ओव्हरप्रूफ रमसारखी, विमानात चालतच नाही. 24 टक्क्यांपर्यंतच्या वाइन-बिअरवर या नियमाची मर्यादा नाही. विमानाच्या पोटात काय पेट घेऊ शकतं, एवढंच यात पाहिलेलं आहे. एअरलाइननं पाच लिटर चढवू दिली आणि मुंबईत कस्टमनं तीन लिटरवर शुल्क मागितलं, तर दोघांचंही बरोबर आहे.

जाता जाता: जहाजावरची बाटली हातातल्या बॅगेत घालू नका. 100 मिलिलिटरवरच्या द्रवाला सुरक्षा तपासणीत सूट मिळते ती विमानतळाच्या किंवा विमानातल्या दुकानानं सील केलेल्या पारदर्शक पिशवीलाच. जहाजाच्या दुकानाची रंगीत पिशवी तिथे चालत नाही. चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

मुंबई: दोन लिटर म्हणजे नक्की काय

भारताच्या बॅगेज नियमांत प्रवाशाला 'अल्कोहोलिक लिकर किंवा वाइन' दोन लिटरपर्यंत सुटीत आणता येते. 2016 च्या नियमांत हेच होतं आणि फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही आकडा तोच आहे. बाटल्यांची संख्या कुठेही लिहिलेली नाही. तरी 'दोन बाटल्या चालतात' आणि 'तीन चालतात' असे दोन पक्ष प्रत्येक ग्रुपमध्ये असतातच.

बाटलीच्या तळाशी छापलेलं माप वाचा. एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, बरोबर दोन. आपल्याकडचा खंबा 750 मिलिलिटरचा, दोन घेतलेत तर दीड लिटर, अर्धा शिल्लक. परदेशात 700 मिलिलिटरच्या बाटल्या सर्रास मिळतात. अशा तीन झाल्या की 2100 मिलिलिटर, म्हणजे मर्यादा ओलांडली. बिअर धरत नाहीत, हा तर निव्वळ भ्रम. 330 मिलिलिटरचे सहा कॅन म्हणजे 1.98 लिटर. तेवढ्या बिअरसाठी पूर्ण सूट खर्च झाली आणि व्हिस्कीला 20 मिलिलिटर उरले. भेट म्हणून घेतलेल्या पन्नास मिलिलिटरच्या छोट्या बाटल्याही याच बेरजेत येतात. मुंबईत उतरल्यावर बॅगेच्या पट्ट्याआधी लागणारं ड्युटी फ्री दुकानही वेगळी सूट देत नाही. जहाजावरची, चांगीवरची आणि मुंबईतली मिळून दोन लिटर.

वहिनींच्या नावावर टाकण्याचा मुद्दा जरा नाजूक आहे. नवरा-बायको दोघं प्रवास करत असतील तर दोघांना स्वतंत्र दोन-दोन लिटर आहेत, यात वाद नाही. पण नियमात स्पष्ट म्हटलं आहे की एका प्रवाशाची सूट दुसऱ्याच्या सुटीत मिसळता येणार नाही. चार लिटर एकाच्या ट्रॉलीवर, चारही बिलं एकाच पासपोर्टवर आणि बायको बाहेर टॅक्सी शोधतेय, असं असेल तर अधिकाऱ्यानं ते मान्य का करावं? ज्याची त्याच्या बॅगेत आणि बिल त्याच्या नावावर, एवढं केलं तर प्रश्नच येत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फक्त त्याच्या वापरातल्या वस्तूंची सूट असते, तेव्हा कडेवरचं लेकरू हिशेबात धरू नका.

मापात बसली म्हणजे कितीही महाग चालेल, असंही नाही. दोन लिटरपर्यंतची दारू तुमच्या एकूण सामानाच्या किमतीच्या सुटीतच मोजली जाते. परतणाऱ्या भारतीयासाठी ती सूट 50 हजार रुपयांची होती, 2026 च्या नियमांत ती 75 हजार झाली. दीड लाखाची एकच सिंगल माल्ट, मापानं 700 मिलिलिटर, तरी किमतीनं बाहेर गेली. मात्र असा प्रश्न ज्याला पडतो, त्याचा सीए त्याला हे सांगेलच.

जास्त असेल तर?

जास्त आणणं हा गुन्हा नाही, लपवणं आहे. हा फरक आपल्याकडे का पोचत नाही, कोण जाणे. रेड चॅनेलला जाऊन सांगितलं की दोन लिटर सोडून वरच्यावर शुल्क लागतं. व्हिस्की, जिन, रमवर त्याचा अंदाज किमतीच्या दीडपट धरावा. समजा लिटरला तीन हजारांच्या पाच व्हिस्की आहेत. दोन सुटल्या. उरलेल्या तिन्हींवर साडेचार हजारांप्रमाणे साडेतेरा हजार. त्या तीन बाटल्यांची किंमतच मुळात नऊ हजार. हा सौदा परवडत नाही, हे कळायला कायदा वाचावा लागत नाही.

ग्रीन चॅनेलमधून चालणं म्हणजे 'माझ्याकडे शुल्क लागणारं काही नाही' असं जाहीर करणंच आहे. तिथे बॅग स्कॅनरवर धरली गेली तर माल जप्त होऊ शकतो आणि वर दंड. खरं सांगितलेलं असेल तर कलम 80 खाली एक वाट असते. माल कस्टमच्या ताब्यात ठेवायचा आणि पुन्हा परदेशी जाताना परत घ्यायचा. ही सोय खरं जाहीर करणाऱ्यालाच आहे, पकडला गेलेल्याला नाही.

विमानतळाबाहेर दुसरा कायदा सुरू होतो

कस्टम केंद्राचं, दारू राज्याची. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. त्याच्या नावावर हसणारे भरपूर भेटतात, पण त्यानुसार विदेशी मद्य बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभर रुपयांत, आजीवन हजार रुपयांत. कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. परदेशी प्रवासावर लाखभर घालणाऱ्यानं हजाराचा आजीवन परवाना काढून ठेवायला हरकत नसावी.

काही जिल्ह्यांत परवान्याचाही उपयोग नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपूरची 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. नागपूर विमानतळावर कस्टमच्या नजरेत पूर्ण कायदेशीर असलेली बाटली वर्ध्याची हद्द ओलांडताच बेकायदा होते. बडोद्याला घर असलेल्या मराठी मंडळींना भिलाडच्या पुढे हेच लागू. गुजरातचा कायदा याच 1949 च्या मुंबई राज्याच्या अधिनियमातून आलेला आहे आणि तिथे तो नावापुरता नाही.

आता राहिली मुंबई-गोवा क्रूझ. तिच्यावर 'ड्युटी फ्री' शोधणारे लोक भेटतात. मुंबईहून गोव्याला आणि परत, हा देशांतर्गत प्रवास आहे. त्यात परदेश नाही, म्हणून दोन लिटरची सूटही नाही. गोव्यात स्वस्त मिळते कारण तिथला राज्य उत्पादन शुल्काचा दर कमी आहे. जून 2025 मध्ये महाराष्ट्रानं आपला दर वाढवल्यावर तफावत आणखी रुंदावली. ती बाटली महाराष्ट्रात आणली की इथला कर बुडतो, आणि दारूबंदी अधिनियमाच्या कलम 65 खाली कारवाई होऊ शकते. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या उघडून पाहतात त्या याचसाठी. जहाजानं किंवा विमानानं आणली म्हणून कायदा बदलत नाही. गोवा-पुणे विमानात 'पाच लिटर चालते' हे ऐकून आणणाऱ्यांनी वरचा आगीचा नियम पुन्हा वाचावा.

परदेशातून परतताना बिलं बाटलीपेक्षा जपून ठेवा. बिल नसलं तर किंमत अधिकारी ठरवतो, आणि घराच्या वाटेवर कुणी विचारलं तर बाटली कुठली, हे सांगणारा तेवढाच एक कागद तुमच्याकडे असतो.